बसल्याचं काम

केसपेपरवर नाव लिहिते, वय लिहिते, गाव लिहिते,
मग विचारते, "काम काय करता?"
फुलवंता शहारे तोंडावरचा पदर काढत नाही.
"काई नाई वं बाई. बसूनच असतो आमी."

रकाना एवढुसा. त्यात मी लिहिते : घरकाम.
आत डॉक्टर लिहितात : खोकला, तीन महिने. हातांची आग.
सिरप. मलम. पुढचा.

ती कुठे बसते, मला माहीत आहे.
मांढळच्या फाट्यापुढे टिनाच्या शेडात,
संक्रांतीपासून पार टिन तापेपर्यंत,
दीडदोनशे बाया, आणि मधोमध
डोक्याहून उंच वाळल्या मिरचीचा ढीग.
सातरा म्हणतात त्याला.
एक मिरची उचलायची, देठ मोडायचा, टाकायची.
एक मिरची उचलायची.
बोटांना सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे,
नाकाला जुन्या लुगड्याचा फडका,
गालात गुळाचा खडा.
पंखा आहे. तो लावत नाहीत,
बी उडतं, वजन घटतं.

इथे शिंकेचा अपशकुन धरत नाहीत.
धरला असता तर
या तालुक्यात एकही सोयरीक जुळली नसती.
नवी बाई शिंकते. जुनी खोकते.
त्याहून जुनी नुसती थांबते,
देठ चिमटीत तसाच,
आतून कुणी दार उघडेल
अशी वाट बघत.

माझी आई, देवांगना, तिथेच बसायची,
तिसऱ्या रांगेत, काट्याजवळ.
घरी आली की आधी हातांना राख, मग ताक, मग तेल,
आणि तरी आम्हाला कोपरानेच जवळ घ्यायची.
कोपराने दार लोटायची.
कोपर कपाळाला लावून ताप बघायची.
धाकटा अंगावर पिणारा होता.
लोक कडुलिंब लावून दूध तोडतात,
त्याने आपलं आपणच तोडलं, आठव्या महिन्यात,
एका संध्याकाळी, तोंड लावल्या लावल्या किंचाळून.
"हुशार हाये पोट्टा," आई म्हणाली.
मग कितीतरी वेळ विझल्या चुलीपुढे बसून होती.

मामा गेला तेव्हा ती सातऱ्यातून थेट आली.
डोळे लाल, नाक वाहतं.
बाया म्हणाल्या, किती जीव होता भावावर.
ती माझ्या कानाशी आली,
"रडू आलं नाई वं मले अजून. हे मिरचीचंच हाये."

रात्री तिचा श्वास वाजायचा,
जमिनीवरून कुणी भरलं पोतं ओढत न्यावं तसा.
आम्ही त्या आवाजावर झोपायचो.
तो थांबला त्या रात्री
आम्हा तिघांनाही एकदम जाग आली.

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात
मी जुनं रजिस्टर शोधून काढलं, वाळवीने कडा खाल्लेलं.
देवांगना, वय एक्केचाळीस. दमा.
काम : घरकाम.
अक्षर माझ्याआधीच्या बाईचं.
रकाना हाच.

आणि तरी आज सकाळपासून
मी तेच लिहीत बसले आहे.

"फुलवंताबाई, कागद द्या जरा."
घरकाम खोडते.
रकान्याबाहेर, समासात, जागा मिळेल तिथे लिहिते :
मिरची. देठ मोडणे. अकरा वर्षं.
डॉक्टर चष्म्यावरून बघतात. "हे काय?"
"काम," मी म्हणते.
ते कागद उलटून मागची बाजू बघतात, कोरी,
पुन्हा सुलटा करतात,
क्षणभर पेन तसंच अधांतरी,
मग सिरप तेच.

फुलवंता बाटली दोन्ही मनगटांत धरते,
बोटं लावत नाही.
फाटकाशी मालाचा टेम्पो हॉर्न देतो आहे.
"जातो वं बाई," ती म्हणते,
"बसा लागते."